चार तासांच्या आत

मी एसटीत कंडक्टर आहे, भूम डेपोला. बाईमाणूस या नोकरीत आलं की पहिली गोष्ट शिकतं ती पाणी कमी प्यायची. स्टँडवरच्या बाथरूमला एकतर कुलूप असतं, नाहीतर आत पाय ठेववत नाही, आणि तोवर गाडी सुटायची वेळ झालेली असते. सकाळी अर्धा कप चहावर निघायचं आणि फेरी संपेपर्यंत ओठ ओले करण्यापुरतंच पाणी प्यायचं, असं मी कितीतरी वर्षं केलं. त्यातून मुतखडा झाला. तो काढला. काढल्यावर थोड्याच दिवसांत ताप यायला लागला आणि काही केल्या हटेना.

गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ताप उतरायचा, गोळ्या संपल्या की पुन्हा संध्याकाळी हुडहुडी भरायची. एकदा मशीनवर तिकीट काढताना माझी बोटं इतकी थरथरायला लागली की ड्रायव्हरच म्हणाला, "ताई, ही साधी थंडी न्हाय. रजा टाका." मग सोलापूरला गेलो. तिथं रक्त तपासलं, हृदयाची सोनोग्राफी केली. लघवीतले जंतू रक्तात गेले होते आणि रक्तातून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते. झडपेवर त्यांची बारीकशी गाठ झाली होती. ऑपरेशन टळलं, पण शिरेतून औषध घ्यायचं होतं, सहा आठवडे. सुरुवातीचे दिवस सोलापुरात काढले आणि मग धाराशिवच्या एका दवाखान्यात आले, कारण आमच्या मालकांना भूमहून ये-जा करायला ते बरं पडत होतं. शेत, जनावरं सोडून त्यांना सोलापुरात बसून राहता येत नव्हतं.

सहा आठवडे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं झडप आली नाही, लेक आली. ती पहिलटकरीण होती आणि तिला नववा लागला होता. रीतीप्रमाणं आम्ही तिला भूमला आणली होती. मी त्यासाठी रजा साठवून ठेवली होती. डिंक, खारीक, खोबरं आणून डबे भरले होते. जुन्या मऊ लुगड्यांची बाळुती फाडून, धुऊन, उन्हात वाळवून घडी घालून ठेवली होती.

तिचं सासर नळदुर्गचं. हायवेवर त्यांचा ढाबा आहे आणि तो चालवते तिची सासू. ट्रकवाल्यांना हाका मारून मारून आवाज मोठा झालेली बाई. लग्नात मानपानावरून आमचं वाजलं होतं. ती सगळ्या मांडवादेखत म्हणाली होती, "आईला फेऱ्यातनं सवड मिळंल तवा लेकीचं बघंल." ते माझ्या मनातून गेलं नव्हतं. हे बाळंतपण मला असं करायचं होतं की विहीणबाईला बोलायला जागा राहू नये. आणि मी तर धाराशिवला एका कॉटवर पडलेली.

खोलीत दोनच कॉट होत्या. माझी खिडकीकडची. खिडकीतून एका पिठाच्या गिरणीचं पत्र्याचं छत दिसायचं आणि त्यापलीकडं काही दिसायचं नाही. औषध दर चार तासांनी असायचं. सिस्टर पांढरी भुकटी कालवून बाटलीत सोडायची, ते थेंब थेंब हातात उतरायचं. संपलं की सुई धुऊन टोपण लावायची आणि म्हणायची, "झालं, मावशी, मोकळ्या." पण मोकळी म्हणजे किती? अंघोळ, जेवण, झोप, सगळं त्या मधल्या वेळात बसवायचं. डोळा लागतो न लागतो तोच सिस्टर परत ट्रे घेऊन उभी. शीर लाल होऊन सुजली की सुई काढून दुसरीकडं घालायची. डाव्या हातावर जागा संपली, मग उजवा. वेणीसुद्धा दुसऱ्या कुणाकडून घालून घ्यावी लागायची. ज्या बाईचा निम्मा जन्म चालत्या गाडीत उभ्यानं गेला, तिला जिन्यापर्यंत जायचं तरी घड्याळ बघावं लागत होतं.

मी डॉक्टरांना गाठलं. तरुण होते, लातूरकडचे. काही सांगायचं असलं की खुर्ची ओढून बसायचे. मला आणखी एक इंजेक्शन चालू होतं, ते दिवसातून एकदाच असायचं. तोच धागा मी धरला.

"डॉक्टर, ते दुसरं एकदाच देताव. मग हे पन तसंच द्या की. सहा वेळचं एकदम भरा. मी सोसते."

ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, दोन्ही औषधं मिळून काम करतात, पण त्यांची रीत वेगळी आहे. जे एकदा देतो, ते जोरावर चालतं. रक्तात एकदम भरपूर झालं की जंतूला असा तडाखा बसतो की औषध उतरल्यावरही तो काही वेळ उठत नाही. आणि ते उतरावंच लागतं, नाहीतर कान आणि किडनी खराब करतं. हे पांढरं तसं नाही. ते मुक्कामावर चालतं. रक्तात एका ठरावीक पातळीच्या वर जेवढा वेळ राहील, तेवढा वेळच काम करणार. चौपट दिलं म्हणून जंतू चौपट मरत नाहीत. जास्तीचं नुसतं लघवीवाटे जाईल."

"आन ऱ्हातं किती वेळ?"

"तिथंच अडचण आहे. तासाभरात निम्मं निघून जातं. पुढच्या तासाभरात उरलेल्याचं निम्मं. तुमची किडनी ते भराभर बाहेर टाकते. चार तासांनी इतकं थोडं राहतं की जंतूंना पुन्हा वाढायला वाव मिळेल. म्हणून त्याच्या आत पुढचा डोस."

मी गोळ्यांचं विचारलं. गोळीनं रक्तात तेवढं औषध चढत नाही, आणि जंतू गाठीत दडून बसलेत, तिथपर्यंत पोचायला बरंच लागतं, असं ते म्हणाले. मग मी घरी टोचून घ्यायचं विचारलं.

"हे कालवलं की तासाभरात द्यावं लागतं, भरून नेता येत नाही. रात्रंदिवस कोण देणार तिथं? सुई निघाली तर कोण घालणार? आणि गाठ अजून कच्ची आहे, ताई. तिचा तुकडा सुटून मेंदूकडं गेला तर मला इथं काहीतरी करता येईल. गाडीत काय करता येणार?"

त्यांनी सांगितलेलं सगळं मला समजलं होतं, आणि समजल्यामुळं जास्तच कोंडल्यासारखं झालं. तोवर वाटत होतं की डॉक्टरांच्या मनावर आहे, हातापाया पडून त्यांना वळवता येईल. आता कळलं की त्यांच्या हातात काही नव्हतं. विनवणी करायची तर माझ्याच पोटातल्या किडनीला करायची.

शेजारच्या कॉटवर तुळजापूरच्या एक बाई होत्या. पुजाऱ्यांच्या घरातल्या, शाळेत शिक्षिका होऊन निवृत्त झालेल्या. गोऱ्या, ठेंगण्या, केस पांढरेशुभ्र. मी त्यांना बाईच म्हणायचे. त्यांच्याही रक्तात जंतू होते आणि त्यांनाही तेच पांढरं औषध होतं. बाटलीवरचं नाव मी वाचलं होतं. पण त्यांना सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, एवढंच. मधला सगळा दिवस त्या मोकळ्या. सकाळची बाटली संपली की चप्पल घालून खाली आवारात जायच्या, लिंबाखाली बाकावर बसून पेपर वाचायच्या. एकदा तर डॉक्टरांना विचारून तुळजापूरला घरी जाऊन, वरण-भात जेवून, संध्याकाळच्या औषधाला परत आल्या. येताना माझ्यासाठी देवीचं कुंकू आणलं.

मी कुंकू लावलं, पण मनातून मी जळत होते. तेच औषध, तीच खोली, मग मलाच का टोचटोच? त्यांची ओळख असेल, मोठ्या घरच्या असतील, असं सगळं मनात येऊन गेलं. शेवटी मी बोललेच.

"बाई, तुमचं बरं हाय. तुमाला दोनदाच. आमी काय घोडं मारलंय डॉक्टरचं?"

त्यांनी चष्मा काढला. चिडल्या नाहीत. शाळेत एखाद्या पोरीला समजवावं तशा म्हणाल्या, "अगं, मला दोनदाच देतात, कारण माझं औषध बाहेरच पडत नाही. साखरेनं किडन्या गेल्या माझ्या. तुझ्या तासाभरात जे काम करतात, त्याला माझ्या सबंध दिवस घेतात. तुझ्याएवढं मला दिलं तर ते साचून राहील, मला झटके येतील. डॉक्टरांनीच सांगितलं." मग म्हणाल्या, "तुझ्या किडन्या चांगल्या आहेत म्हणून तू अडकलीस. माझ्या गेल्या म्हणून मी फिरते. हवी का अदलाबदल?"

मी त्यांच्या पायांकडं बघत राहिले. पाय सुजलेले होते, चपलेचे पट्टे रुतून वळ उठले होते. इतके दिवस शेजारी राहून ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मालक आले तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी डबा उघडता उघडता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आगं, म्हंजे तुझं रान मुरमाड हाय. पानी दिलं की खाली गेलं, लगेच दुसरी पाळी द्यावी लागती. बाईंचं काळं रान. एकदा भिजलं की ओल हटत न्हाय. जास्त दिलं तर पीक पिवळं पडतं." बाई पलीकडून म्हणाल्या, "बरोबर बोललात." त्या दिवशी आम्ही तिघं हसलो. मला वाटतं, त्या खोलीत मी पहिल्यांदाच हसले ते तेव्हा.

आमचं असं ठरलं होतं की लेकीलाच धाराशिवला आणायचं. दवाखान्याजवळ एक खोली बघितली होती. रविवारी मालक तिला घेऊन येणार, बाळंतपण इथल्याच दवाखान्यात होणार आणि मी मधल्या वेळात डॉक्टरांच्या परवानगीनं तिच्यापाशी जाऊन बसणार. त्या बेतावर मी दिवस काढत होते.

पण कळा आधीच सुरू झाल्या. गुरुवारी सकाळी मालकांचा फोन आला की तिला भूमच्या दवाखान्यात नेलंय. मागं लेकीचा आवाज ऐकू आला. "आई कुठंय? आईला बोलवा." ती मला कॉटवर पडलेली बघून गेली होती, तिला सगळं माहीत होतं, आणि तरी ती तसं म्हणत होती. कळा देताना मीही माझ्या आईलाच हाका मारल्या असतील.

दुपारचं औषध चढत होतं. ते संपेपर्यंत मी बाटलीकडं बघत बसले. सिस्टरनं सुई धुतली, टोपण लावलं, ट्रे घेऊन गेली. बाई झोपल्या होत्या. मी साडी नीट केली, पदर हातावरून घेतला म्हणजे सुई दिसणार नाही, आणि जिना उतरून चालू पडले. रिक्षा केली ती थेट स्टँडला.

भूमची गाडी फलाटावर लागलेली होती. आमच्याच डेपोची. त्या रस्त्याचा मला काय हिशोब कळत नव्हता? जायलाच दोन तासांच्या वर. येरमाळ्याला गर्दी असली की आणखी वेळ. लगेच उलटी गाडी मिळाली तरी पुढचं औषध चुकणारच होतं. मी स्वतःला सांगत होते, भूमच्या दवाखान्यात टोचून घेईन, नाहीतर एक वेळ गेली तर गेली. गाडीत चढले, खिडकीपाशी बसले. छातीत धडधडत होतं. ते चालल्यामुळं होतं का झडपेमुळं, कळत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या फलाटावर नळदुर्गहून आलेली गाडी लागली आणि त्यातून विहीणबाई उतरल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात स्टीलचा मोठा डबा. त्यांनाही मालकांनी फोन केला होता. भूमच्या गाडीची पाटी वाचून त्या वर चढल्या, आणि समोर मी.

"अव्वा! तुमी हितं?"

मी म्हणाले, "भूमला चाललेय."

"दवाखान्यातनं सोडलं?"

मी पदर हातावर ओढला. गाडी भरत होती, मागून लोक ढकलत होते. पदर सरकला आणि हातावरची पट्टी दिसली. त्यांनी डबा सीटवर ठेवला.

"न विचारता आलाव?"

"लेक बोलवायलीय मला."

"बोलवंल की. आईला न्हाय तर काय मला बोलवंल व्हय?" त्यांचा तो आवाज सगळ्या गाडीला ऐकू जात होता. "आन वाटंत तुमाला काय झालं, तर तिकडं तिला काय सांगायचं मी? पोटच्या लेकराचं तोंड बघायच्या आदी तिला आईची माती बघायला लावताव?"

लोक वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, "पहिलं बाळंतपन हाय. माझ्या घरी हाय. लग्नात तुमीच म्हनला होता, आईला सवड मिळंल का म्हनून."

त्यांना ते आठवलं असावं. त्या एकदम खाली बसल्या, माझ्या शेजारी, आणि आवाज उतरवला. तसा उतरलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"मी बोलले आसंन. मी लई बोलते. ते आता धरून बसू नका. ऐका माझं. मी जाते. हा डबा तिच्यासाठीच हाय. तुमी जे करनार होता ते सगळं मी करते, तुमच्याच घरात, तुमच्याच डब्यातलं काडून. तुमी फोनवर सांगायचं, मी करायचं. पर तुमी खाली उतरा."

कंडक्टर आमच्याच डेपोतला होता. तो दारात येऊन उभा राहिला. त्यानं मला ओळखलं, हाताकडं बघितलं आणि घंटी न मारता थांबला. सगळी गाडी माझ्यासाठी खोळंबली होती. खोळंबलेल्या गाडीचा मला फार राग यायचा, नोकरीवर असताना. मी उतरले.

गाडी गेली. मी फलाटावरच्या बाकावर बसले. परत दवाखान्यात जायला भरपूर वेळ होता आणि दुसरीकडं कुठंही जायला नव्हता. चोहीकडं पाट्या होत्या, तुळजापूर, बार्शी, लातूर, ढोकी, आणि माझ्यापुरता त्यातल्या एकीचाही उपयोग नव्हता. मी तिथं पदर तोंडाला लावून रडले. मग रिक्षा करून परत आले.

डॉक्टरांना कळलं होतं. ते रागावले नाहीत, पण खुर्ची न ओढता उभ्यानंच बोलले. "ताई, मला विचारायचं होतं. मी नाहीच म्हणालो असतो, पण विचारायचं होतं." मग माझी नाडी बघितली, छाती तपासली, आणि संध्याकाळचं औषध स्वतः उभं राहून लावून घेतलं.

ते चढत असतानाच फोन आला. मुलगी झाली. विहीणबाईंनी फोन बाळाच्या तोंडापाशी धरला. बाळ रडत होतं आणि त्यामागून त्यांचा आवाज येत होता, "ऐकाय आलं का? ऐकाय आलं का?" मला दोन्ही ऐकू येत होतं. माझा एक हात बाटलीला बांधलेला, दुसऱ्या हातात फोन. डोळे पुसायला हात नव्हता. बाईंनी उठून माझे डोळे पुसले.

त्यानंतरचे दिवस फोनवर गेले. डिंकाचे लाडू किती मोठे वळायचे, खसखस भाजायची का नाही, पोट बांधायचं फडकं कुठल्या ट्रंकेत आहे. विहीणबाई विचारायच्या आणि मी इकडून सांगायचे. कधीकधी त्या विचारायच्या आणि आपल्याच मनाचं करायच्या. शेपूत त्या शेंगदाण्याचं कूट घालायच्या, ते मला बिलकुल पसंत नव्हतं. पण लेक म्हणायची, "आई, चांगलं लागतंय," आणि मी इकडून दुसरंच काही विचारायचे. माझ्या घरात माझ्याशिवाय सगळं नीट चाललं होतं. ते चांगलंच होतं. मग मला वाईट का वाटत होतं, हे मी कुणाला सांगणार?

याच सुमारास एकदा माझा किडनीचा रिपोर्ट बिघडला. दिवसातून एकदा असायचं त्या इंजेक्शननं किडनीवर ताण आला होता. डॉक्टर चिंतेत होते. आणि मी, खरं सांगते, त्यांनी तोंड उघडायच्या आत विचारलं, "मग आता पांढरं औषध दोनदाच करनार का?"

माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक. मालक शेजारीच बसले होते. ते माझ्याकडं बघतच राहिले. "आगं, तुला आनंद झाला व्हय?" ते एवढंच बोलले. बाई पलीकडं होत्या, त्यांनी ऐकलं असणारच. त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या.

ताण थोडा होता. डॉक्टरांनी ते दुसरं इंजेक्शन बंद केलं. तसंही त्याचं काम होत आलं होतं. पांढरं तसंच चालू राहिलं, चार तासांनीच. काही दिवसांनी रिपोर्ट पुन्हा पूर्वीसारखा आला. मालकांनी खालून पेढे आणून सिस्टर लोकांना वाटले. मीही एक खाल्ला.

बाई माझ्या आधी गेल्या. त्यांच्या रक्तातले जंतू गेले, पण किडन्यांनी आणखी मान टाकली होती. आता आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायला सोलापूरला जावं लागणार होतं. मुलगा सामान भरत होता. त्या माझ्या कॉटवर येऊन बसल्या. मी त्यांना म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी रिपोर्टचं बोलले, ते तुमाला लागलं आसंन."

"लागलं," त्या म्हणाल्या. "पण मलाही विचार, तू बाटलीखाली पडलेली असताना मी चप्पल घालून खाली जायची तेव्हा मला काय वाटायचं. वाटायचं, हिला सुटका आहे, मला नाही." त्यांनी माझा सुजलेला हात आपल्या मांडीवर घेतला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि गेल्या. त्यांच्या कॉटवर मग रोज नवं माणूस येत-जात राहिलं. कुणाशी माझं तसं बोलणं झालं नाही.

सहा आठवडे संपले तेव्हा पुन्हा हृदयाची सोनोग्राफी झाली. गाठ विरली होती, झडप थोडी गळत होती, पण चालण्यासारखी होती. रक्तात जंतू नव्हते. सिस्टरनं शेवटची सुई काढून कापूस दाबला. मी विचारलं, "आता कधी?" ती म्हणाली, "आता कधीच नाही, मावशी." मी तरी बराच वेळ कॉटवर बसून होते. मालक पिशवी घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा कुठं उठले.

जीपनं भूमला पोचलो. दारात विहीणबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझ्याच घरात मला पाहुणीसारखं आत घेतलं. मीठ-मिरचीचे डबे दुसऱ्या फळीवर गेले होते, बाजेची जागा बदलली होती, शेगडी खोलीच्या कोपऱ्यात होती. लेक बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आली, डोक्याला फडकं बांधलेली, अंगानं भरलेली. तिनं मला मिठी मारली आणि लगेच सोडली. "तुला दुखंल," म्हणाली. जणू मीच बाळंतीण.

बारसं माझ्यासाठी थांबवलं होतं. ते झालं. बाळाला मांडीवर घेऊन मी बसायचे, पण उचलायचं, न्हाऊ घालायचं विहीणबाईच करायच्या, कारण डॉक्टरांनी मला जड काम करू नका म्हटलं होतं. त्या पाटावर पाय पसरून बसायच्या, बाळाला पायांवर पालथं घालायच्या, पाणी ओतायच्या. मी बाजूला टॉवेल घेऊन उभी. ते काम मी मनात किती वेळा करून बघितलं होतं.

सव्वा महिना भरत आला. एका दुपारी आम्ही दोघी पडवीत गहू निवडत होतो. विहीणबाई म्हणाल्या, "ढाब्यावर समदा गोंधळ झालाय. आता मला जावं लागंल. सून कधी धाडताव?"

रीतीप्रमाणं मी दिवस सांगायला हवा होता. मी सुपातले खडे बाजूला करत राहिले. मग म्हणाले, "मला ती आजून गावलीच कुठं? तुमी न्हेल्यावर मी म्हननार, माझ्या लेकीचं बाळंतपन झालं, आन मी ते फोनवर ऐकलं."

हे त्यांच्या चांगुलपणाला बोल लावल्यासारखं होईल अशी मला भीती वाटत होती. त्यांनी गहू पाखडायचे थांबवले. बराच वेळ त्या अंगणात वाळत घातलेल्या बाळुत्यांकडं बघत होत्या.

"धाकट्याला सांगते ढाब्याचं," त्या म्हणाल्या. "सून आन नात ऱ्हाऊ द्या हितं, तुमचं मन भरंस्तोवर. आमच्याकडं लोक इचारतील. इचारू द्या."

दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांना सकाळच्या गाडीला बसवलं. लेक आणि मी दारातूनच निरोप दिला. आत आल्यावर लेकीनं बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आई, मी जरा पडते. हिला तू बघ." ती लगेच झोपली. बाळ जागं होतं. मी भिंतीला टेकून बसले आणि किती वाजले ते बघितलं नाही.